आडव्या बाटलीचं साल

१२ जानेवारी, रविवार

बँकेनं बचत गटाची अध्यक्ष म्हणून मले ही डायरी देली. दरवर्षी देते, अन् दरवर्षी माह्या राजदीपचे बाबा तंबाखू-सुपारीचा खर्रा बांधायले तिचे कागद फाडून नेतात. औंदा मी सांगून ठेवलं, हात लावाल तर याद राखा. औंदा लिहायसारखं काहीतरी होणार आहे.

झालं असं. माह्या अंगणवाडीत लेकरांले सांगितलं होतं, घरून मोजायसाठी काहीतरी आणा. चिंचोके आणा, खडे आणा. काल सगळे मुठी भरून आले, अन् मुठी उघडल्या तर सगळ्यांच्या हातात देशीच्या बाटलीची झाकणं. गुंजनले अजून चार वर्षंही झाले नाहीत. झाकण नाकाले लावून मले म्हणते, "बाई, हे संत्र्याचं होय." मी आधी हासली. घरी येऊन मंग रडली.

गटातल्या रुख्मानं अन् मी ठरवलं, आता गावातलं देशीचं दुकान बंद करूनच सोडायचं. कायदा आहे तसा. गावातल्या बायांनी अर्ज केला की सरकार मतदान घेते, फक्त बायांचं. कागदावर दोन बाटल्या राहतात, एक उभी, एक आडवी. उभीवर शिक्का मारला तर दुकान चालू, आडवीवर मारला तर बंद. पण यादीतल्या अर्ध्याच्या वर बायांनी आडवी केली पाहिजे. जी बाई घरीच बसली तिचं मत दुकानाच्या कामी येते.

रुख्माचा नवरा पिते म्हणून ती पेटली आहे. माह्या घरी कोणी पीत नाही, म्हणून मले कोणाची भीती नाही. गावात भागीरथाबाई म्हटलं की भले भले रस्ता बदलतात, ते काही उगीच नाही.

१९ जानेवारी

आज विहारात राजदीपनं वंदना घेतली. त्याचा आवाज असा आहे का म्हातारे कोतारे डोळे मिटून बसतात. "सुरामेरय मज्ज" आलं तईं मी मुद्दाम मागं वळून पाहिलं, कोण कोण मान खाली घालते. पाचवं शील म्हणजे दारू पिणार नाही, अन् म्हणणाऱ्यांतले अर्धे सांजच्याले दुकानात. म्हणतात ना, आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून.

माह्या पोराले तेवीस लागलं. आमगावच्या राइस मिलमध्ये कामाले आहे. मागच्या साली लगन केलं. सून मोनाली कुडव्याची, गोंदिया शहराच्या कडेची, त्यामुळं अर्धी हिंदी बोलते. पोरगी कामाची आहे, पण एक खोड वाईट. दिवे लागायच्या वेळेले बॅटरी घेते अन् "आई, फिरून येते" म्हणून निघते. शाळेमागच्या निंबापर्यंत जाते म्हणे. येताना राजदीप संगच राहते. "रस्त्यात भेटले," म्हणते. मी म्हटलं, नवऱ्याले आणायले जायले तो काही बालवाडीत नाही. सिनेमावाणी चाललं आहे यांचं. आमच्या वेळेले नवरा समोर आला तरी आम्ही पाठ फिरवत होतो.

राजदीपचे बाबाही तसेच. ओसरीतल्या खाटेवर पडल्या पडल्या रोज विचारतात, "आला का व?" मोनाली म्हणते, "आले जी बाबा." मंग ते कूस बदलतात. पोरगा थकून येते, जेवत नाही कधी कधी, तसाच झोपते. मिलमध्ये तांदळाच्या कोंड्यानं डोळे लाल होतात बिचाऱ्याचे.

२६ जानेवारी

ग्रामसभा आज बम गाजली. झेंड्यानंतर राजदीपनं संविधानाची उद्देशिका वाचली, मंग मी ठराव मांडला.

उदारामजी उठले. जुने आहेत, पंच होते कधीकाळी, अन् त्यांना वाद घालायचा भारी सोस. म्हणाले, "भागीरथाबाई, मले एक सांगा. मतदान अठराले, लगन एकवीसले, अन् दारू पंचवीसले. मंग पोरगा माणूस कईं होते?"

मी म्हटलं, "दारूशिवाय माणूस होत नाही का जी?" बाया हासल्या.

"तसं नाही. वाघ नदीच्या पुलापलीकडे मध्य प्रदेश. तिकडे वयाची अट एकवीस. म्हणजे तेवीसचं पोट्टं इकडे लहान, अन् पूल ओलांडला की मोठं. असा कसा कायदा?"

मी म्हटलं, "कायदा बरोबर आहे. पंचवीसपर्यंत मेंदू कच्चा राहते, प्रशिक्षणात सांगितलं आम्हाले. पण कायदा पाळते कोण? दुकानावर पाटी आहे पंचवीसची, अन् खाली मिसरूड न फुटलेले पोट्टे बसतात."

सगळ्यांनी माना हलवल्या. राजदीप झेंड्याजवळ दोरी गुंडाळत उभा होता.

उदारामजी काही बसायचं नाव घेत ना. म्हणाले, "बाई, दुकान बंद झाल्यानं पिणारा थांबत नाही. दूर जाते. गावात पिणारा गावात पडते, कोणी उचलते तरी त्याले."

मी म्हटलं, "मंग तुमच्या अंगणात पाडा, अन् तुम्हीच उचला जी!" असा हशा झाला का सरपंचही हासले. म्हातारा बसला खाली. ठराव मंजूर.

घरी आल्यावर मोनालीनं विचारलं, "आई, उदारामजी गलत बोलले का?" मी म्हटलं, तू कोणाच्या बाजूची आहेस?

११ फेब्रुवारी

सह्या गोळा करून राहिलो. बाया भराभर करतात. मोनालीनंच आठ दिवस लावले. उद्या करते, हात ओला आहे, पेन नाही. शेवटी मी कागद तिच्या ताटाजवळ ठेवला. मंग केली.

आज दुकानासमोरून जात होतो, मी, रुख्मा अन् मोनाली. काउंटरवरचा टिकाराम बाहेर उभा होता. मालक गोंदियाले राहते, दुकान हाच पाहते. मले म्हणते, "बाई, माह्या पोटावर कायले पाय देता?"

मी तिथंच गाठलं त्याले. "पंचवीसच्या आतल्या किती पोट्ट्यांले देतोस? सांग नाव! एक तरी नाव सांग, आत्ता पोलिसाले फोन लावते."

तो माह्याकडे पाहत राहिला. मंग म्हणे, "घेऊ का नाव, बाई?"

"घे ना! हिंमत असन तर घे."

तेवढ्यात मोनालीनं माहा हात धरला. बर्फावाणी गार हात. "चला आई. घर चला, प्लीज." टिकाराम तिच्याकडे पाहून आत गेला. घाबरट आहे पोरगी. मी नसती तर त्या माणसानं तिले खाऊन टाकलं असतं.

१४ फेब्रुवारी

राजदीप मित्रांसंग कचारगडच्या जत्रेले गेला होता, काल येणार होता, आज दुपारी आला. आल्या आल्या मोरीत जाऊन ओकला. जत्रेतलं खाणं, दुसरं काय. मी ओव्याचं पाणी देलं. मोनाली त्याचे कपडे धुवायले बोडीवर, गावाबाहेरच्या तळ्यावर, घेऊन गेली, घरी पाणी असून. कोणाचं ऐकेल तर शपथ.

९ मार्च

उत्पादन शुल्कचे साहेब सह्या तपासायले येऊन गेले. भला माणूस वाटला. मी म्हटलं, साहेब, कमी वयाच्या पोरांले विकतात. ते म्हणाले, पुरावा द्या. म्हणून मोनालीले काम सांगितलं, तिचा मोबाइल चांगला आहे. रोज निंबापर्यंत जातेस ना, दुकानाची मागची बाजू तिथंच आहे, तर काढ फोटो. तेवढाच तुह्या फिरण्याचा गावाले उपयोग.

चार दिवस म्हणे फोटो हलला, म्हणे अंधार होता. आज मी मोबाइल हातातून घेतला अन् स्वतःच पाहिलं. एक फोटो चांगला स्पष्ट होता. निंबाखाली एक पोरगा पाठमोरा बसलेला, मान गुडघ्यात, बाजूले बाटली, खांद्यावर निळ्या चौकड्यांचा गमछा. राजदीपकडेही तसाच आहे. आजकाल सगळ्या पोट्ट्यांची एकच फॅशन. मी म्हटलं, हा कोणाचा व? चेहरा काऊन नाही घेतला? अशा पोट्ट्याच्या मायले नेऊन दाखवला पाहिजे. विचारला पाहिजे तिले, बाई, तुहे डोळे फुटले होते का?

मोनालीनं मोबाइल परत घेतला अन् फोटो पुसून टाकला. "चेहरा नहीं है तो किस काम का," म्हणाली. अन् चुलीपाशी जाऊन बसली. ओल्या लाकडाचा धूर झाला होता घरात, तिचे डोळे लय वेळ पुसणं चालू होतं.

१४ एप्रिल

जयभीम. मिरवणूक झकास झाली. राजदीपच नव्हता. अंगात कणकण होती म्हणून झोपून राहिला. आजच्या दिवशी आवाज कोणाचा, तर त्याचा, अन् तोच नाही. पुढच्या वर्षी म्हणेन म्हणाला.

तहसीलमधून निरोप आला. मतदान १८ मेले.

१७ मे

उद्या मतदान. घरोघर फिरून पायाचे तुकडे झाले. लगन होऊन गेलेल्या पोरींची नावं अजून गावच्या यादीत आहेत, त्यांनाही फोन करकरून बोलावलं.

आता जेवताना मोनाली म्हणते, "आई, दुकान बंद झालं तर पिणारे कुठं जातील?"

मी म्हटलं, "मसणात."

"तिथून त्यांना आणायले कोण जाईल?"

"ज्याची त्याची बायको जाईल! तुले काय पडली?"

मंग ती हळूच म्हणाली, "मी उभ्या बाटलीवर शिक्का मारला तर?"

माह्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "तर या घरचं पाणी पिऊ नको. टिकारामचा पैसा आला का तुह्या घरी? माह्या पोराच्या ताटात जेवतेस अन् दारूवाल्याची वकिली करतेस?" राजदीप ताटावरून उठून गेला. त्याचे बाबा म्हणाले, "राहू दे ना व." मी म्हटलं, तुम्ही गप राहा, तुमच्यासारख्या गप राहणाऱ्यांनीच गाव बुडवलं.

१८ मे

जितलो! जितलो! जितलो!

अर्ध्याच्या वर लागत होत्या, त्याच्याही बऱ्याच वर गेलो. उन्हानं जीव जात होता तरी बाया आल्या. आंधळी म्हातारी नातीच्या खांद्यावर हात ठेवून आली. मोनाली माह्यासंगच रांगेत होती. आतून बाहेर आली तईं मी विचारलं, काय केलं? तिनं शाईचं बोट दाखवलं अन् म्हणाली, "आडवी केली, आई. तुमची कसम." मी तिले सगळ्यांसमोर जवळ घेतलं. रागाच्या भरात बोलून जाते मी, पण मनात ठेवत नाही.

सांजच्याले ढोल वाजला. राजदीप आला अन् माह्या गळ्यात पडून रडला, लहानपणी रडायचा तसा. "बरं केलंस माय. बंद झालं ते, बरं झालं." एवढा जीव आहे त्याचा आपल्या गावावर. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. पाठीची हाडं लागली हाताले.

३ जून

काल दुकानाले सील लागलं. आता लेकरं चिंचोके मोजतात. तालुक्यातून फोन आला, पंधरा ऑगस्टले माहा सत्कार होणार.

राजदीपले बरं नाही. दोन दिवस घरीच आहे. हात थरथरतात, घामानं चादर ओली होते, वरणाचा गंज हातातून पडला. मलेरिया असन. मी गोळ्या देल्या. मोनाली म्हणते, गोंदियाले मोठ्या डॉक्टरले दाखवू, आज के आज. मी म्हटलं, तापाले गोंदिया कायले? तीस वर्षं मी गावाचे ताप पाहून राहिली. ती राजदीपच्या बाबांकडे पाहत होती. त्यांनी खर्रा चोळायचं सुरू ठेवलं.

७ जून

गोळी लागू पडली. राजदीप काल सांजच्याले मोटरसायकल घेऊन बाहेर जाऊन आला, अन् आज एकदम बरा. हात स्थिर, बोलला, जेवला. मोनालीले म्हटलं, पाहिलं? निघाली होती गोंदियाले!

२९ जून

मिलमध्ये ओव्हरटाइम चालू झाला म्हणते राजदीप. रोज उशीर. मोनाली आता निंबापर्यंत जात नाही, डांबरी रस्त्यावर जाऊन उभी राहते, नदीकडे तोंड करून. मिल तर दुसऱ्या बाजूले आहे. सांगितलं तिले, तर म्हणाली, "हां, मालूम है."

१८ जुलै

दिवसभर झडी. धानाचा रोवणा जोरात आहे, शेताच्या सगळ्या बांध्यांत पाणी. अंगणवाडीत दोनच लेकरं आली.

राजदीप अजून आला नाही. आत्ता मोनालीनं माह्या स्कूटीची चावी मागितली. कुडव्याले होती तईं चालवत होती म्हणे. मी म्हटलं, एवढ्या पावसात कुठं? तर म्हणाली, "पुलापर्यंत. बस, देख के आती हूं." मी म्हटलं, पुलावर काय आहे? तिनं चावीसाठी हात पुढंच धरला. मले आला राग. म्हटलं, नवऱ्याले जरा श्वास घेऊ दे, दिवसभर राबते, मागं मागं फिरून त्याले जगात हासं करशील. पाया पडली माह्या. पाया पडायसारखं काय आहे यात? मी चावी पदराले बांधली अन् लिहायले बसली.

राजदीपचे बाबा ओसरीतून विचारून राहिले, आला का व. येईल ना. पाऊस थांबला की येईल.

२४ जुलै

राजदीप गेला.

२६ जुलै

लिहीन म्हटलं की हात थांबते. पण कोणासंग बोलू? सगळे माह्याकडे पाहतात अन् मान खाली घालतात.

१९ तारखेले सकाळी रोवणा करायले निघालेल्या बायांले तो दिसला. पुलाच्या अलीकडे रस्त्याच्या वळणावर मोटरसायकल पडलेली, अन् तो खाली धानाच्या बांधीत, पालथा. घोट्याएवढं पाणी होतं. घोट्याएवढं. लेकराले आंघोळ घालतो तेवढं. त्याच बायांनी आडवीले मत देलं होतं, त्यांनीच त्याले उचलून बांधीच्या धुऱ्यावर ठेवलं. मी पोहचली तईं त्याच्या तोंडाचा चिखल रुख्मा आपल्या पदरानं पुसत होती. माह्या पदराले चावी बांधलेली होती.

सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, डोक्याले मोठा मार नाही. दारू खूप होती पोटात. शुद्ध नव्हती, म्हणून तोंड वर करता आलं नाही.

मी ओरडली त्यांच्यावर. म्हटलं, माहा पोरगा पीत नाही. विहारात वंदना घेते तो. दुसऱ्या कोणाचा कागद असन, नीट पाहा. अख्ख्या आमगावले ऐकू गेलं असन. मंग मी मागं वळून पाहिलं. त्याचे बाबा होते, रुख्मा होती, उदारामजी होते, गावचे दहा-बारा लोक होते. एकानंही म्हटलं नाही का बाई बरोबर बोलून राहिल्या. एकाच्याही चेहऱ्यावर नवल नव्हतं.

तईं मले समजलं. सगळ्यांले माहीत होतं.

२८ जुलै

मोनालीले विचारलं. मी जमिनीवर बसली होती, ती भिंतीले टेकून. तिनं सांगितलं, न रडता.

लगनाच्या आधीपासून पीत होता. मिलमधून आला की निंबाखाली. ती दिवे लागायले जायची, त्याचं तोंड धुवायची, बडीशेप द्यायची, खांद्याले धरून दोन चकरा मारायची अन् पाय सरळ पडले की घरी आणायची. रोज. पावसात, थंडीत, आजारी असताना. मी तिले रोज टोमणे मारले. "टिकारामले मी हात जोडले होते," म्हणाली, "एकच क्वार्टर देत जा, जास्त मागितली तर संपली म्हण. तो तसंच करायचा."

मी म्हटलं, मले काऊन नाही सांगितलं व?

"सांगायलाच फोटो काढला होता आई. तो तुमच्यासाठीच होता. तुम्ही पाहिला अन् म्हणाल्या, याच्या मायचे डोळे फुटले का. फिर मैं क्या बोलती?"

मंग म्हणाली, "ते म्हणायचे, मायले कळलं तर ती मरेल नाहीतर मले मारेल. दुकान बंद झालं तर सुटेन म्हणायचे. सच में खुश थे त्या दिवशी. सील लागल्यावर चार दिवस सोडली होती त्यांनी. ते हात कापणं, घाम, ते सोडल्यानं होतं. डॉक्टर लागत होता तेव्हा."

अन् मी मलेरियाच्या गोळ्या देल्या.

"उभी बाटली करीन म्हणाली होतीस ना," मी म्हटलं. "मंग काऊन आडवी केली?"

"तुम्ही घरातलं पाणी तोडलं असतं. अन् मलाही वाटलं, सुटतील."

मी त्याच्या बाबांकडे गेली. म्हटलं, तुम्ही बाप होते त्याचे. ते म्हणाले, "तू म्हटलं ना, गप राहा." मी त्यांच्या छातीवर बुक्क्या मारल्या. त्यांनी मारू देल्या.

३ ऑगस्ट

राजदीपचं पुण्यानुमोदन झालं. दुसऱ्या गावाहून बौद्धाचार्य आले होते. त्यांच्या मागं सगळे पंचशील म्हणत होते. पाचवं आलं अन् माह्या तोंडातून आवाज निघेना. मोनालीनं म्हटलं, पूर्ण, स्वच्छ. तिचा उच्चार राजदीपवाणी होता. त्यानंच शिकवलं असन.

टिकाराम आला होता, दारात उभा राहिला. आता मजुरीले जाते तो. मी आत बोलावलं. हात जोडून म्हणे, "बाई, त्या दिवशी नाव घेतलं असतं तर बरं होतं." मी त्याले काय बोलू? कायद्यानं तो गुन्हेगार. पंचवीसच्या आतल्या पोराले विकली त्यानं, ती विकली नसती तर कदाचित लागलीच नसती. त्याले मी माफ करत नाही. पण माह्या पोराले किती द्यायची ते त्यालेच माहीत होतं. पुलापलीकडच्यांले काय माहीत? त्यांच्या हिशेबानं तेवीसचा राजदीप मोठा माणूस होता. पाहिजे तेवढी देली.

१२ ऑगस्ट

शेजारच्या गावच्या बाया आल्या होत्या. त्यांच्याकडे मतदान लागलं आहे. म्हणाल्या, ताई, तुमच्यावर एवढं कोसळलं तरी या, तुमच्या शब्दाले वजन आहे. आडवी करायची ना?

मले कोणी वर्षभराआधी विचारलं असतं तर वाक्य संपायच्या आधी हो म्हटलं असतं. आज मी गप बसली. उभी म्हणू? मंग निंबाखाली तो थोडा थोडा मेला असता. आडवी म्हणू? तर हे झालं. रुख्माचा नवरा सुटला, हेही खरं आहे. दोन महिने झाले, तो नदीपलीकडे जात नाही, घरी झोपते. तिचं घर उभं राहिलं. मले त्याचाही राग येते, अन् रागाची लाजही वाटते.

शेवटी म्हटलं, आडवीच करा. पण त्याच दिवशी दवाखान्याची गाडीही मागा. अन् बाई, पहिल्या रात्री आपापल्या पोराच्या तोंडाचा वास घ्या.

सत्काराले येत नाही म्हणून तालुक्याले कळवलं. सांजच्याले उदारामजी आले, ओसरीत बसले, पाणी प्याले. मी वाट पाहत होती का आता म्हणतील, मी सांगितलं होतं. तसं काही म्हणाले नाहीत. तेच बोलले असते तर मले बरं वाटलं असतं.

१७ ऑगस्ट

मोनालीच्या मायबापाचा फोन आला. उद्या सकाळी येऊन तिले कुडव्याले नेतात. बाविशीतली पोरगी, मी कोणत्या तोंडानं थांब म्हणू? तिची पेटी मीच भरली. तिच्या नखावरची मतदानाची शाई अजून पूर्ण गेली नाही, वर सरकत सरकत टोकाले आली आहे. माही कईंची कापली गेली.

दिवे लागायच्या वेळेले ती चुलीजवळून उठली, खुंटीवरची बॅटरी काढली अन् दारापर्यंत गेली. तिथंच थांबली. सवय होती तिची. बॅटरी हातात धरून उभी, अन् आत यावं का बाहेर जावं, समजेना तिले.

मी उठली. पायात चपला घातल्या. म्हटलं, चल.

आम्ही दोघी निंबापर्यंत गेलो. रस्त्यात लोक भेटले, बाजूले झाले. कुठं खड्डा आहे, कुठं त्याचा पाय अडखळायचा, ते ती सांगत होती. इथं मी त्यांना बसवायची. इथं पाणी प्यायचे. इथून घराचा दिवा दिसला की म्हणायचे, आता माय ओरडते. मी ऐकत गेली. एका वर्षात माह्या पोराबद्दल एवढं मले कोणी सांगितलं नव्हतं. निंबाखाली बसलो थोडा वेळ. तिच्या मांडीवर डोकं ठेवून मी रडली, अन् ती माह्या पाठीवरून हात फिरवत होती, त्याले फिरवत असन तसाच.

मंग घरी आलो. फाटक वाजलं तसे ओसरीतून, अंधारातून, राजदीपचे बाबा बोलले.

"आला का व?"

मोनाली थांबली. मी थांबली. त्यांच्याही लक्षात आलं असन, कारण खाट वाजली अन् मंग त्यांच्या तोंडात गमछा कोंबल्यासारखा आवाज आला. मी आत गेली, दिवा लावला, अन् तिघांसाठी भात मांडला.